हेलेबोरबद्दल थोडं खोटं

वाचनालयानं रद्द केलेलं पुस्तक, पन्नास पेन्सला.
पुठ्ठा सुटलेला, कण्यावर डिंकाची पिवळी पट्टी,
आत दोन माणसांची एकोणीस वर्षांची पत्रं :
कंब्रियातल्या मिस ऑनोरिया थ्वेट
आणि नॉरफकचे रेव्हरंड लिओपोल्ड स्ट्रँग.
दोघंही बागांवर पुस्तकं लिहिणारी.
पुस्तकांत दोघं फार शहाणी.
पत्रांत नाहीत.

मला बाग नाही.
कॉनवीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर हातभर पेटी,
तीत थोडी पार्सली आणि सीगलनं टाकलेला शिंपला.
छत्तीस वर्षं बस चालवली,
लोकांच्या बागा कुंपणावरून पाहिल्या,
ताशी तीस मैलांनी.

आता जानेवारी. साडेचारलाच अंधार.
हीटरचा एकच दांडा लावून मी वाचत बसतो
की गोगलगायींना बिअर पाजावी का.
रेव्हरंड म्हणतात, नको, गावात बोभाटा होईल.
वाचतो, रोपं टपालानं कशी जायची :
ओल्या शेवाळात मुळं, वर मेणकागद,
बिस्किटाचा डबा, सुतळीच्या दोन गाठी,
आणि झाकणावर सूचना, पोस्टमनदादा, आडवा धरू नका.
सोमवारी निघालेला डबा मंगळवारी दारात.
माझ्या पेन्शनचं पत्र कार्डिफहून नऊ दिवसांनी आलं.

झाडांची लॅटिन नावं मोठ्यानं म्हणतो.
कळत काही नाही,
पण खडीसाखर घोळवायला अर्थ कशाला लागतो?

मग हेलेबोर येतं.
ऑक्टोबर १९२२. मिस थ्वेट एक गड्डा पाठवतात,
आमसुली, जवळजवळ काळ्या फुलांचा.
आईच्या बागेतला आहे, लिहितात,
आजवर कुणाला दिला नव्हता.
रेव्हरंड कळवतात, छान रुजलं.
पुढच्या वर्षी, चार फुलं.
त्याच्या पुढच्या वर्षी, अकरा!
आणि खाली संपादकाची टीप, मुंगीएवढ्या अक्षरांत.
रेव्हरंडांची रोजनिशी, डिसेंबर १९२२ :
थ्वेटबाईंचं रोप गेलं. पाणी जास्त झालं. देवा, क्षमा कर.

म्हणजे इतकी वर्षं एक धर्मगुरू
मेलेल्या झाडाला फुलं आणत होता.
मी इतका हसलो की भिंतीवर थाप पडली,
पलीकडून मिसेस टेगवेन पॅरी.

मार्च १९२६. बाई लिहितात, येते आहे, बघायला.
आदल्या रात्री कंदील घेऊन
रेव्हरंड आणि त्यांचा माळी जेसप
कर्नलच्या बागेत शिरले.
हाताला लागलं ते उपटलं.
उजाडल्यावर पाहतात तर पांढरं.

बाई आल्या. वाकल्या.
एका फुलाची हनुवटी बोटानं वर उचलून
बराच वेळ पाहत राहिल्या.
मग चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या.
घरी पोचल्यावर पत्र :
तुमच्याकडे ते उजळलं. माझ्याकडे बिचारं
कायम सुतकात असायचं.
एक तुकडा पाठवाल का?

त्यांनी पाठवला.
आणि पुढच्या सगळ्या पत्रांत, शेवटच्यातसुद्धा,
बाई त्या पांढऱ्याला म्हणतात, आईचं हेलेबोर.
समासात कुणीतरी पेन्सिलनं फक्त एक रेघ ओढलीय,
हलकी, हात थांबल्यासारखी.

मिसेस पॅरींनी ऑगस्टमध्ये मला फ्युशियाची फांदी दिली होती.
सप्टेंबरात गेली. कुंडी सिंकखाली आहे.
जिन्यात भेटल्या की विचारतात, कशी आहे रे, ग्विलिम?
मी म्हणतो, झोपलीय. थंडी ना.

आज संध्याकाळी पुस्तक त्यांच्या पायपुसण्यावर ठेवलं,
एकशे चौदाव्या पानात बसचं जुनं तिकीट घालून.
बेल वाजवली आणि या वयात पळत घरात आलो.

नऊ वाजून गेले.
भिंतीपलीकडे काही नाही.
मधे एकदा खुर्ची सरकली,
मग किटलीची शिट्टी, मग पुन्हा काही नाही.
त्या हळू वाचतात. चष्मा बदलायला झालाय त्यांचा.
मी हीटर बंद केलाय,
त्याची घरघर मधे येते म्हणून.